खंड पडू द्यायचा नाही

"तुळशी, कोट उतरव आधी," पिंटो मास्तर म्हणाले.

मी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मागच्या दारात उभा होतो. हातात क्लॅरिनेटची पेटी, अंगात आमच्या भैरवनाथ ब्रास बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके. बटणं आईने चिंचेने घासून दिली होती. त्या शनिवारी संध्याकाळी दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझ्याइतका नटलेला माणूस दुसरा नसेल, आणि हे म्हणतात कोट उतरव.

"का हो मास्तर? इस्त्रीचा आहे."

"इस्त्रीचा आहे रे बाबा, पण लाल आहे. ह्या हॉलात लाल म्हणजे थांबा. रॉबिन्स गार्ड लाल निशाण दाखवतो तेव्हा नाच थांबतो. तू असला कोट घालून स्टेजवर बसलास तर माणसं रात्रभर जागची हलायची नाहीत."

बाकीचे तीन वादक हसले. मी कोट काढून दाराच्या खिळ्याला अडकवला आणि मास्तरांनी दिलेला काळा बो गळ्यात बांधून घेतला. बो बांधल्यावर मला गिळताही येईना. एवढ्या मोठ्या संध्याकाळची सुरुवात अशी झाली.

साल सदुसष्ट. मी बावीस वर्षांचा होतो आणि बारा वर्षं आमच्या आबांच्या शेजारी उभा राहून वराती वाजवत होतो. आबा बँडचे मालक आणि ट्रंपेटवाले, मी क्लॅरिनेटवाला. वरातीचं कौतुक ज्याने तिच्यात नुसतं नाचून पाहिलंय त्याला. आमच्या वाट्याला घोड्याच्या टापांची धूळ, डोक्यावर गॅसबत्त्या धरलेल्या बायांच्या मागून चालणं, आणि दारू प्यालेल्या चुलत्याची एकाच गाण्याची सतरा वेळा फर्माईश. मला त्याचा वीट आला होता. खुर्चीवर बसून, पंख्याखाली, इस्त्रीच्या शर्टात वाजवायचं माझं स्वप्न होतं, आणि असली खुर्ची दौंडात एकाच ठिकाणी होती.

इन्स्टिट्यूटमध्ये दर शनिवारी नाच व्हायचा. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांची अँग्लो-इंडियन कुटुंबं, गोव्याकडचे चार-पाच लोक आणि हौस असलेला कुणीही रेल्वेवाला. पण ती कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला चालली होती. त्यातच मास्तरांचा क्लॅरिनेटवाला क्लॅरेन्स गेला, आणि खुर्ची रिकामी झाली.

पाटसच्या पाटलांच्या लग्नात मास्तर पाहुणे म्हणून आले होते. सगळी वरात ते आमच्या बाजूने चालत होते. लोक ट्रंपेटवाल्याकडे बघतात, हे मात्र माझ्या बोटांकडे बघत होते. वरात संपल्यावर जवळ आले, सुरेल आहे, गोड आहे, असलं काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "बापाच्या शेजारी किती वर्षं उभा राहतोस?"

"बारा."

"शनिवारी माझ्याकडे ये. तीन आठवडे शिकवतो, मग एक संध्याकाळ बघू. नीट झालं तर दर शनिवार तुझा. सेक्रेटरी खारकर साहेबांच्या कानावर घालून लोको शेडमध्येही चिकटवतो तुला."

लोको शेड! पगार, पास, क्वार्टर. मी त्या रात्री झोपलो नाही.

आबांना सांगितलं तेव्हा ते ट्रंपेटला राख लावत होते. हात थांबला नाही. "जा की," ते म्हणाले. "पर आपली शिस्त तिथंबी पाळ. खंड पडू द्यायचा न्हाई. दुसरा थांबला तर थांबू दे, आपुन थांबायचं न्हाई. नवरदेवाचा पाय मांडवात पडंस्तवर वाजवायचं. तीस वरसं झाली, माझी येक वळ तुटल्याली कुणी ऐकली असंल तर दाखव."

गेली तीन वर्षं आबांचा दम ओळीच्या शेवटाला पुरत नव्हता. सूर थरथरायला लागला की मी खालच्या सप्तकातून वर चढायचो आणि ती ओळ पुरी करून द्यायचो. तोवर त्यांनी श्वास घेतलेला असायचा. ढोल-ताशाच्या गदारोळात कोणाला पत्ता लागत नसे. आबांनाही नाही. त्यांना वाटे, ओळ आपणच संपवली. माझ्या बोटांना इतकी सवय झाली होती की शेजारचा सूर पडला की माझा आपोआप चढायचा.

तर असा मी, गळ्यात बो आवळून, स्टेजवरच्या खुर्चीत बसलो.

हॉल तोवर भरला होता. लाकडी जमिनीवर बोरिक पावडर शिंपडली होती, पाय सरसर घसरावे म्हणून. भिंतीच्या कडेने बाकं, वर फुगे. कोपऱ्यात सेक्रेटरी खारकर साहेबांनी महिन्यापूर्वी इन्स्टिट्यूटसाठी आणलेला, रेकॉर्डही वाजवणारा नवाकोरा रेडिओग्राम, त्यावर भरतकामाचं कापड. ते अधूनमधून जाऊन त्या कापडावरून हात फिरवत. आणि स्टेजच्या खाली, मधोमध, डालग्यात एक बदक. गळ्यात निळी रिबीन बांधलेलं. मास्तरांनी ट्रंपेट सुरात लावायला फुंकला की ते बदक उत्तर द्यायचं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"बक्षीस," मास्तर म्हणाले. "स्पॉट डान्सचं."

मग पाच मिनिटांत त्यांनी मला तो खेळ समजावला. जमिनीवर एका जागी आधीच खडूने बारीक फुली मारलेली असते. ती कुठे आहे ते फक्त रॉबिन्सला माहीत. सगळे नाचत असतात, रॉबिन्स एकदम लाल निशाण वर करतो, बँड तिथल्या तिथे थांबतो. त्या क्षणी जे जोडपं फुलीवर असेल, बक्षीस त्याचं. ऐकायला सोपं होतं. तीन आठवडे मी वॉल्ट्झ म्हणजे अर्धा दादरा हे डोक्यात बसवण्यात घालवले होते. मधेच गप्प बसायचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

सात वाजता रॉबिन्स गार्ड स्टेजवर चढला. टक्कल, पांढरी पँट, गळ्यात गार्डाची शिटी, एका काखेत हिरवं निशाण आणि दुसऱ्या काखेत लाल.

"लेडीज प्लॅटफॉर्म नंबर वन! जंटलमन प्लॅटफॉर्म नंबर टू! जिनके पास टिकट नहीं वो भी चढो, टीसी खुद नाच रहा है!"

हॉल खदखदला. कारण टीसी रामनाथन खरोखरच नाचायला उभे होते, कपाळाला भस्म, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. शेजारी त्यांची बायको, लालभडक कांजीवरम आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. दोघं असे हिशेबाने पाय टाकत की जणू टाइमटेबल पाळताहेत. त्यांच्या पलीकडे ड्रायव्हर मॅकी आणि त्याची बायको डॉली. मॅकीचं पोट आधी वळायचं, मग मॅकी वळायचा. या दोघांचा हा शेवटचा शनिवार होता. बुधवारी मुंबईहून त्यांची बोट सुटणार होती. डॉलीबाईंना सगळेजण येऊन मिठ्या मारत होते आणि त्या प्रत्येकाला म्हणत होत्या, "रडाओ मत रे, पावडर जाता."

रॉबिन्सने शिटी फुंकली, हिरवं निशाण हलवलं, आणि आम्ही सुरू झालो.

पहिला तास सुखाचा गेला. पंख्याचा वारा, समोर रंगीबेरंगी फ्रॉकांच्या गिरक्या, आणि कुणी माझ्या तोंडाशी नोट नाचवत नव्हतं. मला वाटलं, जमलं. मास्तर एकदा माझ्याकडे बघून मिशीत हसले. लोको शेडची निळी वर्दी मी मनातल्या मनात शिवायलाही टाकली.

मग रॉबिन्स ओरडला, "स्पॉट डान्स! डक एक्स्प्रेस सुटनेवाली है!"

मी डोळे मिटून वाजवतो. गॅसबत्तीच्या उजेडाने डोळे दिपतात म्हणून वरातीत लागलेली सवय. तेव्हाही मिटलेच. झकास लय लागली होती. आणि अचानक शेजारचे सगळे सूर पडले. ट्रंपेट गेला, सॅक्सोफोन गेला, ड्रम गेला.

माझी बोटं मला न विचारता वर चढली. नुसतं वाजवलं नाही, सगळ्यांचा खड्डा भरून काढायचा म्हणून दुप्पट जोराने वाजवलं. चांगली चार आवर्तनं. मास्तरांनी माझ्या पोटरीवर बूट हाणला तेव्हा डोळे उघडले.

अर्धा हॉल पुतळ्यासारखा उभा होता. उरलेला अर्धा माझ्या सुरावर नाचत होता. रॉबिन्सच्या हातात लाल निशाण होतं आणि त्याचं तोंड उघडं होतं.

"अरे मॅन! टुल्सी! रुकता क्यों नहीं? ब्रेक फेल हुआ क्या?"

हसण्याचा असा लोट आला की फुगे हलले असतील. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. पण खरी मजा पुढेच होती. लाल निशाण वर झालं तेव्हा फुलीवर मॅकी आणि डॉली होते. मी थांबलो तेव्हा फुलीवर रामनाथन आणि त्यांची बायको.

"बदक आमारा," डॉलीबाई म्हणाल्या.

"एक मिनट," रामनाथन म्हणाले. त्यांनी बोट वर केलं, डब्यात तिकीट तपासताना करावं तसं. "नियम क्या है? म्युझिक रुके तब. म्युझिक कब रुका? क्लॅरिनेट म्युझिक नहीं है क्या?"

"रामू, तुम तो अंडा भी नहीं खाता! डक का क्या करेगा?"

"खाने का सवाल नहीं है, मॅडम. नियम का सवाल है."

"और तुम डॉली," रॉबिन्स म्हणाला, "वेन्सडे को बोट में बैठेगा. डक को पासपोर्ट है?"

"आय वन इट!" डॉलीबाईंनी पाय आपटला.

वाद दहा मिनिटं चालला. क्लॅरिनेट म्युझिक आहे की नाही, यावर लोक दोन्ही बाजूंनी बोलले, आणि मी ती मांडीवर घेऊन तिथेच बसलो होतो. शेवटी खारकर साहेब पुढे आले. बारीक अंगाचे, बुशशर्टच्या खिशात दोन पेनं. "खेळ पुन्हा घ्या," त्यांनी निकाल दिला आणि मग मास्तरांकडे वळून हलक्या आवाजात, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, हा मनुष्य लग्नातून उचलून आणलाय ना? दिसतंय."

मास्तर माझ्याकडे वाकले. रागावले नव्हते, त्याचंच मला जास्त लागलं. "तुळशी, ऐक. मी थांबलो की तू थांबायचं. कळलं?"

"कळलं."

"मी थांबलो की तू थांबायचं. बस."

या खेपेला मी डोळे मिटले नाहीत. फाडून उघडे ठेवले. रॉबिन्सच्या काखेतल्या त्या लाल निशाणाकडे असा बघत बसलो की बोटं काय वाजवताहेत याचंही भान राहिलं नाही. घाम डोळ्यात उतरला तरी पापणी हलवली नाही. आणि तेवढ्यात रॉबिन्सच्या समोरून काहीतरी लाल सर्रकन गेलं.

मी थांबलो. कचकन.

माझं बघून ड्रमवाला थांबला. सॅक्सोफोन दोन सूर पुढे जाऊन अडखळला. मास्तर एकटेच ट्रंपेट फुंकत राहिले आणि त्यांनीही खाली घेतला. रॉबिन्सने दोन्ही काखा उघडून दाखवल्या. दोन्ही निशाणं जागच्या जागी होती. ते लाल म्हणजे रामनाथनबाईंच्या कांजीवरमचा पदर होता.

या वेळी हसण्यालाही थोडा वेळ लागला. आधी कुणाला कळेचना. मग रॉबिन्सने त्या पदराला सलाम ठोकला, "मॅडम, नेक्स्ट टाइम ग्रीन पहनो!" आणि हॉल कोसळला. मॅकी हसता हसता मागे गेला, त्याची टाच डालग्याला लागली, डालगं उलटं झालं, आणि बदक मोकळं झालं.

बोरिक पावडरवर बदक! त्याचे पाय चारी दिशांना जात होते. त्याच्या मागे तीन गार्ड, दोन फोरमन आणि एक सबंध रिटायर्ड स्टेशनमास्तर घसरत होते. रामनाथनबाई कॅनव्हासच्या बुटांवर सगळ्यांत पुढे होत्या. "ब्लॉक करो! लूप लाइन में डालो!" रॉबिन्स शिट्या फुंकत होता. शेवटी ते बिचारं बाकावर दम खात बसलेल्या डॉलीबाईंच्या मांडीवरच जाऊन पडलं. रामनाथननी दोन क्षण विचार केला, पुढे होऊन हात जोडले आणि म्हणाले, "डक हॅज डिसायडेड." टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगळा हॉल डोळे पुसत हसत होता. त्या लोकांनी अशी संध्याकाळ कित्येक दिवसांत अनुभवली नव्हती. मला मात्र रडायला येत होतं. बारा वर्षं मी घोड्यापुढे चाललो ते या एका संध्याकाळसाठी, आणि मी इथे विदूषक झालो होतो. त्या बदकाचा मला आजही राग आहे.

खारकर साहेब स्टेजपाशी आले. ते हसत नव्हते. "मास्तर, आता एकदा जरी असं झालं ना, तर पुढच्या शनिवारपासून मी तो रेडिओग्राम लावीन. कमिटी केव्हाची मागे लागली आहे."

मास्तर पाणी प्यायले. मीही मनाशी ठरवलं. आता मान मोडली तरी चालेल, पण मास्तर थांबले की थांबायचं. बोटांनी ऐकलं नाही तर क्लॅरिनेट तोंडातून काढायची, पण थांबायचं.

शेवटचा वॉल्ट्झ उरला होता. त्याबाबत त्या लोकांचा एक रिवाज होता. निम्मे दिवे मालवायचे. गाव सोडून जाणारं जोडपं असेल तर ते मधोमध नाचतं, बाकीचे हातात हात घालून त्यांच्याभोवती कडं करतात. तो वॉल्ट्झ संपेपर्यंत कुणी जागा सोडत नाही, कुणी बोलत नाही. त्यात खेळ नाही, निशाण नाही. तो पुरा झाला म्हणजे जाणाऱ्याचा प्रवास सुखाचा होतो म्हणत. जानेवारीत क्लॅरेन्ससाठी असाच झाला होता.

डॉलीबाईंनी बदक रॉबिन्सच्या हातात दिलं आणि मॅकीचा हात धरून मध्ये गेल्या. आता त्या गालावरच्या पावडरीची काळजी करत नव्हत्या.

मास्तर ट्रंपेट घेऊन उभे राहिले. हा वॉल्ट्झ बराचसा त्यांचाच होता, आम्ही मागे नुसती साथ. सुरू करण्याआधी ते मला म्हणाले, "तुझी खुर्ची इकडे घे. माझ्या डाव्या हाताला. अगदी जवळ."

मला समजलं, आता यांना माझा भरवसा उरला नाही. हाताच्या अंतरावर ठेवताहेत, म्हणजे लाथ लवकर बसेल. मी मान खाली घालून खुर्ची सरकवली.

काय वाजवलं त्यांनी! एवढा गुबगुबीत माणूस, पण ट्रंपेट असा हळुवार की डॉलीबाईंच्या बुटांचा आवाज ऐकू यावा. कडं सावकाश फिरत होतं. रॉबिन्स बदक छातीशी धरून फिरत होता. मी खालून आधार देत होतो आणि मिनिटभर सगळा अपमान विसरलो होतो.

तिसऱ्या फेरीला चाल वर चढते. मास्तर चढले, आणि मला ते ऐकू आलं. सुराच्या कडेला एक बारीक थरथर. तो आवाज मी तीन वर्षं रोज ऐकत होतो, ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं. दम संपत होता. ओळ अजून अर्धी बाकी होती.

माझी बोटं चढू लागली.

आणि कोपऱ्यातून खारकर साहेब माझ्याकडे बघत होते. 'मी थांबलो की तू थांबायचं.' मी बोटं आवरली. नाही ऐकली तेव्हा क्लॅरिनेट सरळ तोंडातून काढली आणि मांडीवर दाबून धरली.

मास्तरांचा सूर तुटला. त्यांनी ट्रंपेट ओठांवरून काढला नाही, मान किंचित वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. थांबलोय, बघा, या वेळी बरोबर थांबलोय. ते बघतच राहिले. ड्रमवाल्याने दोन ठोके टाकले आणि तोही थांबला.

हॉलमध्ये चिडीचूप झालं. डॉलीबाईंचा एक पाय अजून गिरकीसाठी उचललेला होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला आणि छातीवर क्रूस काढला.

मागून कुणीतरी, संपलं समजून, दोन टाळ्या वाजवल्या.

मग कोपऱ्यात खारकर साहेबांनी भरतकामाचं कापड बाजूला केलं. खर्र आवाज आला आणि रेडिओग्राममधून एक वॉल्ट्झ सुरू झाला, पुरा वाद्यवृंद, एकही सूर इकडेतिकडे नाही. लोक क्षणभर घुटमळले आणि नाचू लागले. "सॉरी हं मास्तर," खारकर जाताना म्हणाले. "रेकॉर्डला दम लागत नाही."

मागच्या खोलीत मास्तर ट्रंपेटचं तोंड रुमालाने पुसत उभे होते. बराच वेळ पुसत होते.

"का थांबलास रे?"

"तुम्हीच सांगितलंत ना," माझा आवाज चढला. "दोनदा सांगितलंत! मी थांबलो की थांब म्हणून! नाही थांबलो तेव्हा लाथ मारलीत, आता थांबलो तर विचारता का थांबलास!"

"ते त्या बदकाच्या खेळापुरतं होतं रे बाबा." मास्तर खुर्चीवर टेकले. छाती अजून वरखाली होत होती. "माझी चूक. मी सांगायला हवं होतं तुला. मला लाज वाटली."

"कसली लाज?"

"पाटलांच्या लग्नात मी तुझं वाजवणं ऐकायला बाजूने चालत नव्हतो. बरं वाजवतोस, पण तसे पुण्यात पुष्कळ मिळतात. त्या वरातीत तुझ्या बापाचा दम चारदा सुटला. चार वेळा तू ओळ उचललीस आणि पुरी करून परत त्याच्या हातात दिलीस. वरातीत एकालाही कळलं नाही. त्याला स्वतःलाही नाही. मला तो माणूस हवा होता, तुळशी. डॉक्टर म्हणाला, वर्षभर वाजवशील, फार तर दोन. म्हटलं, हा शेजारी बसला तर कुणाला कळायचं नाही. म्हणून डावीकडे बसवलं तुला. तुझ्या बापाच्या डावीकडेच उभा असतोस ना?"

तीन आठवडे मी नवं काय काय शिकत होतो. त्यांना माझ्यातलं पाहिजे होतं ते जुनंच, आणि तेवढंच मी आज पहिल्यांदा केलं नव्हतं.

मागच्या दारात सायकलची घंटी हलली. मी वळलो. आबा पायरीवर उभे होते. येणार नाही म्हणाले होते. खिळ्यावरचा माझा लाल कोट त्यांनी घडी घालून हातावर घेतला होता. केव्हापासून उभे होते, कुणास ठाऊक. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"चल," आबा मला म्हणाले.

सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत राहिले. रेडिओग्राम सिग्नल केबिनपर्यंत ऐकू येत होता. फाटक ओलांडल्यावर ते म्हणाले, "किती वरीस?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण आज खोटंही धड जमलं नसतं. "तीन."

"कोनत्या लग्नापास्नं?"

"केडगावच्या. शेलारांच्या."

आबा चार पावलं चालले. "त्या दिशी मला वाटलं व्हतं," ते म्हणाले, "आज आपलं लई ग्वाड वाजलं."

घर येईपर्यंत माझ्या मनात सगळा संताप उसळत होता, मास्तरांवर, खारकरांवर, त्या पदरावर, आबांच्या त्या शिस्तीवर, आणि ती मोडली म्हणून स्वतःवर. इन्स्टिट्यूटमध्ये पुढच्या शनिवारपासून रेकॉर्डच वाजल्या. मास्तर वर्ष सरायच्या आत गोव्याला गेले. ती खुर्ची मला मिळाली नाही, कुणालाच मिळाली नाही. लोको शेडचं तर नावच सोडा.

दहाव्या दिवशी वरवंडला लग्न होतं. बँड पारासमोर उभा राहिला. मी माझ्या जागी, आबांच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो. आबांनी ट्रंपेट खांद्यावरून काढला, माझ्या हातात दिला, आणि मागे जाऊन झांजवाल्या गणपतच्या हातातल्या झांजा मागून घेतल्या. गणपत बघतच राहिला. आबा माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.

"कर सुरू," ते म्हणाले.

ट्रंपेट मला येत होता, लहानपणी आबांनीच शिकवला होता. मी सुरू केलं. पहिली ओळ गेली. दुसरी वर चढली, आणि तिच्या टोकाला मला शेलारांचं लग्न आठवलं. दम होता, पण सूर निघेना. ओळ मधेच तुटली.

त्या मोकळ्या जागेत झांज आली. एकटी, नेमक्या लयीत, ओळ पुरी होईपर्यंत वाजत राहिली, आणि घोडं पुढे चालू लागलं. मी डावीकडे पाहिलं. आबा समोर रस्त्याकडे बघत होते.